गाडीने सिंहगड गाठताना

गाडीने सिंहगडावर जाणाऱ्याकडे जरा वरून पाहायची पुण्यात रीत आहे. आतकरवाडीहून घामाघूम होत चढून आलेली मंडळी वाहनतळावर उतरणाऱ्या कुटुंबाकडे अशी बघतात, की हे नुसते भाकरी खायला आलेत. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. आजीचे गुडघे, कडेवरचं बाळ, नुकतंच झालेलं ऑपरेशन, किंवा साधा चढायचा कंटाळा, यांपैकी कशानेही गड बघायचा हक्क जात नाही. पुण्याच्या नैर्ऋत्येला ३० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर हा गड आहे आणि डांबरी रस्ता पार त्याच्या दरवाजाच्या उंबऱ्यापर्यंत जातो.

पण गाडीने जाणारे एक गोष्ट हमखास करतात. चढायचं नाही म्हणून उशिरा निघतात. नऊला नाश्ता, दहाला आवराआवर, अकराला स्वारगेट, आणि मग भर दुपारी घाटात पुढच्या गाडीचा धूर. गाडी हाताशी असण्याचा खरा फायदा नेमका उलटा आहे. अंधारात निघून उजाडता उजाडता माथ्यावर पोचता येतं आणि गर्दी वर यायला लागते तेव्हा आपण उतरायला लागलेलो असतो. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

चालावं किती लागतं, ते आधी

‘गाडी थेट वर जाते’ हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. गाडी जिथे थांबते तो वाहनतळ गडाच्या तटाबाहेर, पुणे दरवाजाच्या खाली आहे. तिथून आत जायला पायऱ्या आणि फरसबंदी चढण आहे. चालायची सवय असलेल्याला पहिल्या दरवाजापर्यंत पाचेक मिनिटं पुरतात; बसत-उठत जाणाऱ्याने पंधरा धरावीत. त्यानंतर एकामागोमाग आणखी दोन दरवाजे आणि मग चढ सौम्य होतो. पायऱ्या दगडी आहेत, उंचीला सारख्या नाहीत आणि पावसात निसरड्या होतात. व्हीलचेअर आत नेता येत नाही. काठी घेऊन चालणारे आजोबा, सोबत धरायला कोणी असेल तर, सावकाश जाऊ शकतात.

म्हणून निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला एकच प्रश्न विचारा: दोन मजले जिन्याने चढवतील का? उत्तर ‘थांबत थांबत, हो’ असेल तर सिंहगड जमेल. ‘नाही’ असेल तर शेवटी सांगितलेली दोन ठिकाणं पाहा.

दिवस आणि वेळ

मधला वार मिळत असेल तर रविवारचं नावही काढू नका. जुलै-ऑगस्टमधला शनिवार-रविवार तर गाडीवाल्यासाठी शिक्षाच असते. वरचा वाहनतळ भरला की खालच्या गाड्या पायथ्याला अडवून ठेवतात आणि वरच्या उतरल्या की टप्प्याटप्प्याने सोडतात. हे बरोबरच आहे, कारण अरुंद घाटात दोन्हीकडून रांगा लागल्या तर कोणालाच हलता येत नाही. पण पुढच्या सीटवर आजी आणि मागे दोन भुकेली पोरं असताना ते बरोबर वाटत नाही.

रविवारशिवाय जमतच नसेल तर पहाटे जा. सूर्योदयाचं गणित असं: पुण्यात जूनच्या मध्याला सूर्य सहाच्या किंचित आधी उगवतो, ऑक्टोबरात साडेसहाच्या आसपास आणि जानेवारीत सातनंतर. स्वारगेटहून पहाटेच्या मोकळ्या रस्त्याने सव्वा तास धरा, घाटाच्या तोंडाशी असलेल्या वनविभागाच्या नाक्यावरची दहा मिनिटं धरा, वाहनतळापासून चालायची पंधरा-वीस मिनिटं धरा. ऑक्टोबरात सूर्योदय वर गाठायचा तर पावणेपाचला गाडी सुरू झालेली असावी. नाका पहाटे नेमका किती वाजता गाड्या सोडतो हे ऋतूप्रमाणे आणि आदेशाप्रमाणे बदलू शकतं, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी केलेली बरी. संध्याकाळी वर जाणाऱ्या गाड्या लवकर बंद करतात आणि गडावर मुक्कामाला परवानगी नाही. सूर्यास्त बघून रमतगमत उतरू, हा बेत गाडीने जाणाऱ्याने मनातून काढून टाकावा.

ऋतूंचं म्हणाल तर माझं मत ऑक्टोबर-नोव्हेंबरला. पावसाने हवा धुतलेली असते, गवत अजून हिरवट असतं आणि राजगड-तोरणा कापून ठेवल्यासारखे स्वच्छ दिसतात. डिसेंबर-जानेवारीत थंडी सुखाची असली तरी सकाळी खालच्या खोऱ्यावर धुरकट पडदा असतो आणि शहराच्या बाजूला तर बराच वेळ काही दिसतच नाही. पावसाळ्यात ‘देखावा’ या शब्दाचा अर्थ ढग असा घ्यायचा. हाताच्या अंतरावरचा माणूस दिसेनासा होतो आणि तेच हवं असेल तर त्यासारखी मजा नाही, पण पाहुण्यांना खडकवासल्याचं पाणी दाखवायचं आश्वासन देऊन नेऊ नका. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत उतरायचं, नाहीतर वरचा कातळ तापतो आणि सावली फार कमी आहे.

उन्हाळ्याच्या शेवटी येणाऱ्या वळवाच्या पावसाबद्दल वेगळं सांगायला हवं. दुपारनंतर ढग जमून गडगडायला लागलं की उघड्या माथ्यावर थांबू नका. या गडावरच्या दारूकोठारावर १७५१ साली वीज पडून मोठा अपघात झाला होता आणि शेजारच्या घरातली माणसं दगावली होती. उंच, एकट्या डोंगरावर वीज पडायचं कारण तेव्हा होतं तेच आजही आहे. गाडीत जाऊन बसा. काचा बंद केलेली पत्र्याची गाडी ही अशा वेळी झाडापेक्षा आणि छत्रीपेक्षा कितीतरी सुरक्षित जागा.

सोबत काय

खालच्यापेक्षा वर चार-पाच अंशांनी गार असतं आणि पहाटे वाराही असतो, म्हणून उकाड्याच्या दिवसांतसुद्धा म्हाताऱ्या माणसांसाठी शाल किंवा कानटोपी घ्या. पाणी घरून स्टीलच्या बाटल्यांत. प्लास्टिकची बाटली नाक्यावर तपासली जाऊ शकते आणि तसंही गडाच्या उतारावर त्या पुष्कळ पडलेल्या आहेत. रोख पैसे ठेवा, सुट्टे. पेट्रोल शहर सोडायच्या आधी भरा. चपला नकोत, ज्यांना चालायचंच नाही असं म्हणणारेही वर गेल्यावर चालतात, आणि मग सपाट सोलच्या चपला घसरतात. स्वच्छतागृहाचं म्हणाल तर वरच्या सोयीवर अवलंबून न राहता खाली चहाला थांबाल तिथेच उरकून घ्या, विशेषतः मधुमेह असलेली मंडळी बरोबर असतील तर.

रस्ता

पुण्यातून दोन वाटा आहेत आणि बहुतेकांना एकच माहीत असते.

पहिली, नेहमीची: स्वारगेटहून सिंहगड रस्ता धरून वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी, मग खडकवासला. धरणाच्या भिंतीजवळून पुढे गेलं की उजव्या हाताला पाणी सोबत करतं. सकाळी इथे थांबायचा मोह आवरा. चौपाटीवरचं कणीस परतीला खाल्लं तरी चालतं. पुढे डोणज्याच्या फाट्यावर सरळ रस्ता पानशेतकडे जातो आणि गडाचा रस्ता डावीकडे वळतो. तिथून गोळेवाडी. मोबाइलवरचा नकाशा वापरत असाल तर शेवटचं ठिकाण ‘सिंहगड वाहनतळ’ असं टाका. नुसतं ‘सिंहगड पायथा’ टाकलंत तर तो तुम्हाला आतकरवाडीला नेईल, जिथून पायवाट सुरू होते, गाडीरस्ता नाही.

दुसरी वाट सातारा रस्त्याने: खेड शिवापूरहून आत वळून कोंढणपूरमार्गे. ती घाटातच, कोंढणपूर फाट्यावर, वरच्या टप्प्याला येऊन मिळते. सातारा-कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी पुण्यात शिरायची काहीच गरज नाही. कात्रज, धनकवडी भागात राहणाऱ्यांनाही गर्दीच्या दिवशी हीच बरी. कोंढणपूरला तुकाईचं देऊळ आहे. म्हाताऱ्या मंडळींना जाता जाता तेही दर्शन होतं.

स्वतःची गाडी नसेल तर पीएमपीची बस पायथ्यापर्यंत जाते. तिथून वर वडापच्या जीप जातात. जीप भरली की सुटते, त्यामुळे मधल्या वारी थोडं थांबावं लागतं. म्हाताऱ्या माणसाला पुढची सीट आधीच बोलून घ्या आणि परतीचं काय, हेही तिथेच विचारून ठेवा.

नाका

घाटाच्या तोंडाशी वनविभागाचा तपासणी नाका आहे. इथे ‘उपद्रव शुल्क’ भरावं लागतं. गेली काही वर्षं दुचाकीला ५० आणि चारचाकीला १०० रुपये असा दर आहे. बदललेला असेल तर फलकावर दिसेलच. पावती जपून ठेवा. दारू आणि मांसाहार वर चालत नाही, आणि गाडी उघडून बघतात. यावर वाद घालणारे कायम भेटतात. त्यांच्या मागे तुमची गाडी अडकली तर गाणी लावून बसा.

गड अधूनमधून बंदही असतो. २०१७ च्या पावसाळ्यात घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. २०२५ च्या उन्हाळ्याच्या शेवटी वनविभागाने वरची अतिक्रमणं काढली तेव्हाही काही दिवस प्रवेश नव्हता. जोराचा पाऊस सलग दोन-तीन दिवस झाला असेल, तर बातम्या बघितल्याशिवाय घरातून निघू नका.

घाट

हा घाट आठ-नऊ किलोमीटरचा, अरुंद आणि वळणावळणाचा. घाबरण्यासारखं काही नाही, पण शहरात चालवायची सवय इथे कामाची नाही.

चढताना पहिला-दुसरा गिअर. तिसऱ्यावर ओढत नेऊन इंजिन धडधडायला लागल्यावर गिअर बदलण्यापेक्षा वळण यायच्या आधीच खालचा गिअर टाका. गाडी लहान आणि माणसं पाच असतील तर चढावर एसी बंद करा, काचा खाली करा. तशीही वरची हवा चांगली असते. रांगेत थांबावं लागलं तर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नका. हँडब्रेक लावा आणि पुढचा हलला की सोडा. गर्दीच्या दिवशी या घाटात जळक्या क्लचचा वास येतो तो अशाच गाड्यांचा.

आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा, एकदाच, छोटा. समोरासमोर दोन गाड्या आल्या आणि जागा एकीलाच असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. हा नियम घाटात सगळ्यांनी पाळला तर अर्धी कोंडी होणारच नाही. वळणावर ओव्हरटेक करणारे दुचाकीस्वार इथे बरेच भेटतात; त्यांच्याशी स्पर्धा नको.

धुक्यात मोठा लाइट लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. लाइट खालचा ठेवा, वेग कमी करा, रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवा. दरड पडण्याची शक्यता असलेल्या उतारावर काही ठिकाणी जाळ्या बसवल्या आहेत. त्यांच्याखाली गाडी उभी करून फोटो काढणारे दिसतील. तुम्ही नका थांबू. फोटोसाठी थांबायचंच तर रुंद जागा बघून, गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घेऊन.

मुलांना गाडी लागत असेल तर पुढे बघायला सांगा, मोबाइल काढून घ्या आणि पहाटे भरपेट दूध पाजू नका. आल्याचा तुकडा किंवा आवळासुपारी तोंडात ठेवली की मोठ्यांचंही निभावतं.

वर पोचल्यावर

गाडी लावताना तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा. परतताना गर्दी झालेली असेल आणि तेव्हा गाडी वळवायला जागा मिळणार नाही. आत खाण्याच्या वस्तू दिसतील अशा ठेवू नका, माकडं आहेत.

पुणे दरवाजाचे तिन्ही दरवाजे पार केले की बहुतेक जण थेट खाण्याच्या दिशेने जातात. त्याआधी खांदकडा बघा. दरवाजापासून तो जवळ आहे आणि पूर्वेची बाजू, पुणे शहर, लांबवर पुरंदर असं सगळं तिथून दिसतं. ज्यांना पुढे चालायचं नाही त्यांचा सूर्योदय इथेच होऊ शकतो. जवळच दारूकोठार आणि कातळात कोरलेली घोड्यांची पागा आहे.

थोडं पुढे टिळकांचा बंगला. लोकमान्य इथे येऊन राहत आणि १९१५ साली गांधीजी त्यांना इथे भेटले होते. बाहेरून बघायचा, कोणाच्या अंगणात शिरल्यासारखं वागायचं नाही. कोंढाणेश्वराचं जुनं देऊळ आणि देवटाकं त्याच वाटेच्या आसपास. देवटाक्याच्या पाण्याची चव पुण्याच्या घराघरांत सांगितली जाते, तरी मी म्हाताऱ्यांना आणि मुलांना घरचंच पाणी देईन.

अमृतेश्वराच्या मागून वर गेलं की तानाजी मालुसऱ्यांची समाधी. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री ते इथे पडले. दरवर्षी माघ वद्य नवमीला इथे स्मृतिदिन होतो. त्या दिवशी गाडीने यायचं असेल तर गर्दी गृहीत धरा. मुलं घोरपडीची गोष्ट विचारतील. ती दंतकथा आहे, असं सांगून टाकावं; कडा मात्र खरा आहे, आणि गडाच्या पश्चिम अंगाला तानाजी कडा म्हणून दाखवतात तिथून खाली बघितलं की दंतकथेची गरज वाटत नाही. कठड्याच्या पलीकडे पाऊल टाकू नका. पावसाळ्यात कड्यावरचा वारा छत्रीसकट माणसाला ओढतो. कडेकपारीला आग्या मोहोळं असतात. अत्तर फवारून जाऊ नका, आणि खाली काही धुमसत असेल तर तिथून लगेच निघा.

छत्रपती राजाराम महाराजांचं निधन याच गडावर १७०० साली झालं. त्यांची समाधी म्हणजे देवळासारखी घुमटी आहे आणि ती बघायला फार चालावं लागत नाही. सोबत वडीलधारी मंडळी असतील तर इथवर येऊन परतणं हा सर्वांत चांगला टप्पा. तानाजी-राजाराम धरून वाहनतळापासून जाऊन येऊन दीड-दोन तास, बसत-बोलत.

पाय धड असतील त्यांनी मात्र कल्याण दरवाजा सोडू नये. तिथे उतरून जावं लागतं, म्हणजे परतीला चढ, हे लक्षात ठेवा. वरच्या दरवाजावर शके १६७२ चा, म्हणजे १७५० च्या सुमाराचा, बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या कारकिर्दीचा शिलालेख आहे. सकाळी उन्हाची तिरीप असते तेव्हा अक्षरं उठून दिसतात. त्याहून पुढे दक्षिण टोकाला झुंजार बुरूज. समोर राजगड, उजव्या हाताला तोरणा, खाली पानशेतचं खोरं. गाडीने आलेल्यांपैकी फार थोडे इथपर्यंत येतात, त्यामुळे रविवारीसुद्धा इथे बऱ्यापैकी शांतता असते. कुटुंबात दोन तट पडले असतील तर म्हाताऱ्यांना खाण्याच्या जागी सावलीत बसवून तरण्यांनी तासाभरात झुंजार बुरूज करून यावा.

खाणं

पिठलं, भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, कांदाभजी, आणि शेवटी मडक्यातलं दही. ऋतूप्रमाणे टोपलीत करवंदं, कैरी, चिंच, बोरं, उकडलेल्या शेंगा. आजूबाजूच्या गावांतल्या बाया हे सगळं करतात. भाव करायच्या आधी ते वर कसं आणलं असेल याचा जरा विचार करा. पिठलं चुलीवरचं आणि गरम हवं असेल तर ‘आत्ता टाकता का?’ असं विचारून पंधरा मिनिटं बसा. पहाटे फार लवकर पोचलात तर चहा-भज्यांवर भागवावं लागेल, भाकऱ्या जरा उशिराने सुरू होतात. दही मुलांना आवडतं, पण घाट उतरायचा आहे हे लक्षात ठेवून द्या.

उतरताना

नऊ-साडेनऊला गाडी खालच्या दिशेने निघालेली असावी. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणं म्हणजे ब्रेकवर सगळा भार टाकणं. ब्रेक तापले की पेडल मऊ लागतं आणि जळका वास येतो. तसं झालं तर मोकळ्या जागी पंधरा-वीस मिनिटं थांबा, ब्रेकवर पाणी ओतू नका. ऑटोमॅटिक गाडीत खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, ती घाटात येण्याआधीच शोधून ठेवा. गिअर नसलेल्या स्कूटरवाल्यांनी अधिक जपावं: ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि वेग उतरला की क्लच सुटतो आणि इंजिनचा आवर राहत नाही. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आणि मध्ये एकदा-दोनदा थांबून.

तुम्ही उतरत असताना वर येणाऱ्यांची रांग लागलेली असेल, म्हणून कडेला घेऊन थांबायची तयारी ठेवा. खडकवासल्याकडे कोंडी झाल्याचं कळलं तर कोंढणपूर फाट्याने खेड शिवापूरला उतरा आणि महामार्गाने घरी या.

पायऱ्या अजिबात नको असतील तर

महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १,४३९ मीटरवर आहे, तिथला सर्वांत उंच माथा, आणि गाडी अगदी जवळ जाते. सूर्योदयासाठी तो प्रसिद्ध आहे, त्यामुळे दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत गर्दी होते, पण चालणं नाममात्र. दुसरा पन्हाळा, कोल्हापूरपासून २० किलोमीटर. तिथे गडावरच गाव वसलेलं आहे, रस्ता तटाच्या आत जातो, आणि सज्जाकोठी, तीन दरवाजा, अंबरखाना अशा बऱ्याच जागांजवळ गाडी नेता येते. गाडीतून न उतरणाऱ्या आजोबांनाही तिथे गड बऱ्यापैकी फिरवून आणता येतो. राहायच्या सोयी वरच असल्याने पहाटे उठून घाट चढायचीही गरज पडत नाही.